चांगल्या खोलीतल्या नासपत्या

"शेगडी? या खोलीत?" गेशे म्हातारीने हातातली नासपती पेंढ्यावर ठेवली आणि गुडघ्यांवर बसल्या बसल्याच सुनेकडे वळून पाहिलं. "आठ दिवस शेगडी पेटली तर या सगळ्यांचा चिखल होईल, कळतंय का तुला?"

"होऊ दे," टेल्झे म्हणाली.

"होऊ दे म्हणे! ऐकलंस का रे बोये, तुझी बायको काय म्हणतेय?"

बोये दारात उभा होता. चिखलाने भरलेले लाकडी जोडे त्याने बाहेर काढून ठेवले होते आणि मोजे घातलेले पाय एकमेकांवर घासत होता. आई आणि बायको यांच्या भांडणात तो नेहमी दारातच असे. आतही येत नसे आणि निघूनही जात नसे.

"बघू," तो म्हणाला.

"काय बघायचंय त्यात?" टेल्झेने विचारलं. "फ्राउके गुरुवारी येतेय. महिनाअखेरीला बाळ होईल. तुझी मुलगी कोरड्या, उबदार खोलीत बाळंत होणार की ओलीत, एवढंच तर ठरवायचंय."

"गोठ्यालगतची खोली आहे की रिकामी," गेशे म्हणाली. "तू तिथेच बाळंत झालीस. मी तर चारदा झाले. भिंतीतून गाईंची ऊब येते."

"भिंतीतून पाणी येतं, आई."

"दोन्ही येतं," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा नासपत्यांकडे वळली.

दर शनिवारी दुपारी या दोघी अशा गुडघ्यांवर बसत. ऑक्टोबरच्या शेवटी धान्यकोठारामागच्या झाडावरून फळं उतरली की ती 'चांगल्या खोली'त पेंढ्यावर मांडली जात, एकीचा दुसरीला धक्का न लागता, आणि ईस्टरपर्यंत तिथेच राहत. गावात या जातीला मांजरमुंडी म्हणत, कारण फळ होतंही तसंच गोल, बोजड, कानाशी दबलेलं. झाडावरून काढल्यावर ते भिंतीवर फेकलं असतं तर पोपडा भिंतीचा उडाला असता. कच्चं खायला जावं तर दातांखाली वाळू आणि जिभेला मिठी. दोन-तीन तास मंद आचेवर शिजवलं की मात्र ते मऊ पडे, लालसर होई, आणि खारवलेल्या डुकराच्या चरबीबरोबर, मैद्याच्या उंड्यांबरोबर पानात येई. नोव्हेंबर ते एप्रिल, दर रविवारी आणि आठवड्यात मध्ये एकदा.

फळ टिकायचं तर खोली थंड हवी. म्हणून घरातली सगळ्यात मोठी, दक्षिणेकडे दोन खिडक्या असलेली, लाकडी जमिनीची, हिरव्या चकचकीत फरशांची शेगडी असलेली ही खोली हिवाळाभर बंद असे. तशीही ती बाप्तिस्म्याला, लग्नाला आणि मयताला उघडायची. बाकीचे दिवस ती नासपत्यांची. माणसं स्वयंपाकघरात, ओल्या खोलीत आणि गवती छपराखालच्या माळ्यावर राहत. माळ्यावर टेल्झे आणि बोये झोपत. तिथे पहाटे पांघरुणाच्या काठावर श्वासाचा बर्फ साचलेला असे आणि वर जायला शिडी होती, जिच्यावरून आठव्या-नवव्या महिन्यातली बाई चढणं शक्य नव्हतं. घरात उबेची जागा एकच, स्वयंपाकघराच्या भिंतीत कपाटासारखा बसवलेला पलंग. तो गेशेचा. तो मागायचं टेल्झेच्या मनातही आलं नव्हतं. ऐंशीच्या म्हातारीला पलंगावरून उठवणारी ती नव्हती.

गेशेने एक फळ उचललं, देठाशी अंगठा दाबला, नाकाशी नेलं. "ही चाललीय," असं म्हणून तिने ते मांडीवरच्या टोपलीत टाकलं.

टेल्झेला त्या अंगठ्याची शिसारी येई. मांजरमुंडी आतून सडते. वरून साल पिवळी, टणक, नितळ. आत गाभ्याशी मात्र तपकिरी लगदा झालेला. तो फक्त देठापाशी दाबूनच कळे, आणि कधी कधी अंगठा सरळ आत जाई. मग गेशे तो ॲप्रनला पुसून पुढचं फळ उचले. शनिवारी निवडलेली ही फळं रविवारी शिजत. गेशे मधला लगदा चाकूने कोरून काढी, उरलेलं पातेल्यात टाकी आणि म्हणे, "चांगलीला काय घाई आहे? ती टिकतेय."

मग पुढच्या शनिवारी त्या टिकणाऱ्यांतल्या काही 'चाललेल्या' असत. चोवीस वर्षं या घरात टेल्झेने नासपत्या शिजवल्या होत्या आणि चोवीस वर्षांत एकही धड नासपती तिच्या पानात पडली नव्हती. वर्षभरात झाडाला जेवढी म्हणून फळं येत, ती सगळी या घराने सडायची वाट पाहून मग खाल्ली होती. हे तिने एकदा लग्नानंतर दुसऱ्याच हिवाळ्यात बोलून दाखवलं होतं. तेव्हा सासरे जिवंत होते. ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी कोरलेली अर्धी नासपती काट्यावर घेतली आणि खाल्ली.

टेल्झेचं माहेर समुद्राच्या बांधालगतचं. तिथे वाऱ्यापुढे झाड उभंच राहत नसे. ती मासे खाऊन वाढलेली. माशाच्या बाबतीत आई एकच नियम शिकवते. वास आला की फेकायचं. या घरात वास आला की शिजवायचं, हे तिला नव्याने शिकावं लागलं.

आणि तो वास! गोडसर, आंबूस, जरा दारूसारखा, जरा ओल्या फडक्यासारखा. चांगल्या खोलीत तिचं लग्नाचं कपाट होतं. चर्चला जायचा काळा पोशाख ती त्यातूनच काढून घाली आणि बाकावर शेजारी बसलेल्या बाईच्या नाकपुड्या किंचित हललेल्या तिला दिसत. सगळं गाव तिला नासपत्यांच्या वासाने ओळखत असणार, अशी तिची खात्री होती.

"फ्राउकेला सर्दी-खोकला काही नाही ना?" बोयेने दारातून विचारलं. भांडण मिटवायचं म्हणजे वेगळाच विषय काढायचा, ही त्याची रीत.

"अजून नाही," टेल्झे म्हणाली. "इथे आल्यावर होईल."

बोये मोजे घासत राहिला. ती कशाबद्दल बोलतेय हे त्याला कळलं होतं आणि कळलं आहे हे त्याला दाखवायचं नव्हतं.

फ्राउके तीन वर्षांची असताना टेल्झेला मुलगा झाला होता. गोठ्यालगतच्या त्याच खोलीत, फेब्रुवारीत. भिंतीला हात लावला की तळवा ओला व्हायचा. गादीखालचा पेंढा काळा पडायचा. बाळ तीन आठवडे जगलं. शेवटचे चार दिवस त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. टेल्झेने तेव्हाही विचारलं होतं, चांगल्या खोलीत शेगडी पेटवू या का. गेशे म्हणाली होती, जरा बघू, ताप आज-उद्यात उतरेल. बोयेही म्हणाला होता, बघू.

ताप उतरला नाही. मग मात्र ती खोली उघडली गेली, कारण मयत तिथेच ठेवायचं असतं. नासपत्या पेंढ्यासकट भिंतीकडे सरकवल्या, मधोमध टेबल लावलं, त्यावर पांढरा कपडा आणि त्यावर एवढीशी पेटी. टेल्झे दोन दिवस तिथे खुर्चीवर बसून होती. लोक येत, टोपी काढून उभे राहत, हात हातात घेत, आणि त्यांच्या पायांशी त्या पिवळ्या मुंड्या ओळीने मांडलेल्या. वारही नेमका शनिवार होता. गेशे आली, डोळे पुसले, बाळाच्या कपाळाला हात लावला आणि जाता जाता वाकून चार-पाच नासपत्या दाबून पाहिल्या. त्यांतल्या तीन घेऊन गेली.

दफनाच्या जेवणाला त्याच नासपत्या होत्या. कोणीही नाक मुरडलं नाही. मयताच्या जेवणाला त्या भागात दुसरं काय करणार? टेल्झेच्याही पानात वाढल्या. बोयेने दुसऱ्यांदा घेतल्या. नवऱ्याचा राग तिला अनेकदा आला होता, पुढेही आला. पण तोंडाशी चमचा नेऊन त्याने फुंकर मारली, नीट चवीने खाल्लं आणि पातेल्याकडे पाहिलं, ते पाहताना जे वाटलं ते राग नव्हतं. अंगावर पाल पडावी तसं वाटलं. त्याच्याशेजारी झोपताना ते कधी कधी अजून वाटे.

गेशे दुष्ट होती असं नाही. पहिल्या युद्धात लोक गुरांचे सलगम खाऊन जगले त्या हिवाळ्यात तिचा नवरा आघाडीवर होता, पोरं चार, आणि घरात या नासपत्यांशिवाय काही नव्हतं. तिने त्या चौघांनाही जगवलं. एक फळ फेकणं म्हणजे तिच्या लेखी पोराच्या तोंडातून काढणं. हे ती वर्षातून दोनदा सांगे आणि सांगताना तिचा आवाज खरोखर कापे. टेल्झे ऐकून घेई. भूक संपून पस्तीस वर्षं झाली होती, बोये शंभर किलोचा झाला होता, आणि खोली अजून त्या भुकेसाठीच रिकामी ठेवलेली होती.

शेगडीचा धूर नीट वर जातो की नाही, असाही प्रश्न नव्हता. दुसरं युद्ध संपल्यावर सरकारने पूर्वेकडून आलेली एक निर्वासित बाई दोन मुलांसकट या घरात घातली आणि अधिकाऱ्याने स्वतः उभं राहून चांगली खोली उघडून घेतली. तीन हिवाळे ती शेगडी पेटली. टेल्झे फाटके मोजे शिवायला घेऊन मुद्दाम तिथे जाऊन बसे. मुलं जमिनीवर अनवाणी खेळत, गाल लाल. नासपत्या त्या तीन वर्षांत माळ्यावरच्या गवतात गेल्या आणि गोठून काळ्या पडल्या. त्याबद्दल गेशेने त्या बाईला कधी माफ केलं नाही. ते कुटुंब शहरात गेलं त्याच आठवड्यात गेशेने जमीन घासून पेंढा पसरला.

मंगळवारी सायकलवरून फॉस बाई आल्या. गावातली निम्मी माणसं त्यांनीच जगात आणली होती आणि त्यामुळे त्या कोणाचीच भीड ठेवत नसत. गोठ्यालगतच्या खोलीत त्यांनी डोकं घातलं, भिंतीवरून बोट फिरवलं, रुमालाला पुसलं. मग चांगल्या खोलीचं दार उघडलं.

"इथे काय, दारू गाळता काय गं?"

"नासपत्या आहेत," गेशे म्हणाली. "मांजरमुंड्या. यंदा छान आल्यात. देऊ का टोपलीभर?"

"नको. माझे दात माझे स्वतःचे आहेत, अजून काही वर्षं हवेत." फॉस बाई खिडकीपर्यंत गेल्या. "खोली हीच. चार दिवस आधी शेगडी पेटवा, भिंती तापल्या पाहिजेत. पेंढा बाहेर. हा घाण वास बाहेर. पलंग तिथे लावा."

त्या गेल्यावर गेशे पेंढ्यावरच्या नासपत्या मोजत बसली. संध्याकाळच्या कॉफीला मात्र ती उजळून आली. तिला तोडगा सापडला होता.

"मी अडवते असं कोणी म्हणायला नको. पलंग इथेच लावू. नासपत्या खोक्यांत भरू आणि पलंगाखाली सरकवू. आणि शेगडी कळा सुरू झाल्या की पेटवू. एका दिवसात काही होत नाही त्यांना."

"बघ!" बोये सुटकेने म्हणाला. "झालं की नाही? आईनेच मार्ग काढला."

"पलंगाखाली," टेल्झे म्हणाली.

"मग? वरून चादर लोंबतेच. दिसणार पण नाहीत."

टेल्झेने नवऱ्याकडे पाहिलं. तो ब्रेडवर चरबी फासत होता, कडेपर्यंत, अगदी काळजीपूर्वक. बाळंतिणीच्या खाली सडकी फळं ठेवायची, हे ऐकून त्याच्या चेहऱ्यावर काहीही उमटलं नव्हतं. तिने आपला कप उचलला आणि मोरीत ओतला.

गुरुवारी फ्राउके आली. हॅम्बुर्गला तिची एकच पोटमाळ्याची खोली होती, नवरा बोटीवर, एप्रिलशिवाय परतणार नव्हता. मोठं पोट पुढे घेऊन ती गाडीतून उतरली, आजीला मिठी मारली, गोठ्यात जाऊन गाईंना नावाने हाका मारल्या. झोपायची सोय तूर्त ओल्या खोलीत. शुक्रवारी सकाळी ती खोकत बाहेर आली.

"धुरामुळे असेल, आई. प्रवासात होता ना."

शनिवारी फळं निवडायला गेशेबरोबर तीच गुडघ्यांवर बसली. टेल्झे दूध काढून आली तेव्हा दार उघडं होतं. फ्राउके एक हात पोटाला लावून वाकली होती, दुसऱ्या हाताने नासपती देठाशी दाबून बघत होती. मग तिने ती नाकाशी नेली. टेल्झे बादली घेऊन तशीच उभी राहिली. त्या अंगठ्याची ती रीत पोरीला कोणी शिकवली होती? टेल्झेनेच, दर शनिवारी, बरोबर बसवून, काही न बोलता.

रविवारी पातेलं टेबलाच्या मध्यावर आलं. झाकण काढलं, वाफ आली. लालसर फोडी, मधोमध कोरून काढलेल्या, चरबीच्या वितळलेल्या थरात तरंगत होत्या. गेशेने प्रार्थना म्हटली. बोयेने पहिलं वाढून घेतलं.

फ्राउकेने डाव फिरवला, तळातून एक फोड काढली. तिच्या कडेला तपकिरी डाग राहून गेला होता. तिने ती स्वतःच्या पानात घेतली आणि वरची धड फोड आजीला वाढली. मग सुरीने डाग कापला, पानाच्या कडेला सरकवला आणि उरलेलं खाल्लं. खाताना खोकला आला, रुमाल तोंडाशी धरला.

"आई," ती म्हणाली, "मी विचार करत होते. आजीला एवढा त्रास द्यायची गरज नाही. मी आहे त्या खोलीतच राहते. बाळाला दोन पांघरुणं जास्त घेऊ. इथे सगळी तशीच तर मोठी झाली."

"माझी गुणाची पोर ती," गेशे म्हणाली आणि तिचा हात थोपटला. "बघ टेल्झे, पोरीला समजतं."

"सगळी नाही मोठी झाली," टेल्झे म्हणाली.

फ्राउकेने मान खाली घातली. त्या भावाचं तिला काही आठवत नव्हतं. त्याचं नाव घरात घेत नसत.

"आता जेवताना ते कशाला?" बोये म्हणाला. "तिचं तिनेच ठरवलं ना? मिटलं मग." आणि त्याने पातेलं स्वतःकडे ओढलं, डाव बुडवला, दोन फोडी घेतल्या, जरा थांबून तिसरी घेतली. फुंकर मारली.

टेल्झेने आपलं पान पुढे सरकवलं. उठली. फ्राउकेच्या समोरचंही पान उचललं आणि दोन्ही मोरीवर नेऊन ठेवली.

"अगं, जेवू दे की पोरीला!" गेशे म्हणाली.

"तिला अंडी करून देते."

"दोन जिवांची आहे ती. नासपतीने पोट साफ होतं."

टेल्झेने हात धुतले, ॲप्रनला न पुसता वेगळ्या फडक्याला पुसले आणि टेबलापाशी परत आली. बसली नाही. आवाज चढवला नाही. दूध किती निघालं ते सांगावं तसा तो होता.

"आत्ता जेवण झालं की मी चांगल्या खोलीतली शेगडी पेटवणार आहे. ती ईस्टरपर्यंत विझणार नाही. बोये, तू पेंढा काढशील आणि नासपत्या डुकरांना घालशील, चांगल्या-वाईट सगळ्या. तुला जमत नसेल तर मी खिडकी उघडून अंगणात टाकते, मग तिथून उचलायच्या की नाही ते तुझं तू बघ. फ्राउके आज रात्री तिथे झोपेल. बाळ तिथे होईल आणि तिथेच राहील. आई, तुम्हाला वाटलं तर तुमची खुर्ची शेगडीपाशी लावून देते. आणि या घरात नासपती मी शिजवणार नाही. आजची शेवटची होती."

"झाड अजून फळ देतंय!" म्हातारी ओरडली. "ऑक्टोबरात काय करशील?"

"झाडाखाली डुकरं सोडीन," टेल्झे म्हणाली, आणि लाकडं आणायला टोपली घेऊन बाहेर गेली.